चार जणांची एक नाव

चांदवड हा विहिरींचा तालुका आहे. पाण्याचा म्हणत नाही मी, विहिरींचा म्हणतो. जिथे पाणी मुबलक असते तिथे चार हात खणले की ओल लागते आणि विहिरीची कुणी फारशी आठवणही काढीत नाही. चांदवड-मनमाडच्या अंगाला मात्र पाऊस अलीकडच्या डोंगरांवरच बराचसा रिता होतो. मग विहीर खोल खोल जाते. मुरूम संपतो, काळा पाषाण लागतो, सुरुंग उडवावे लागतात, यारीने दगडमाती वर काढावी लागते. तळेगाव रोही हे याच तालुक्यातले गाव. तिथला दत्तू बबन भोकनळ हा मुलगा वडिलांच्या बरोबर विहिरी खोदायला जाई. पुढे वडील वारले, घरचा भार अंगावर आला, पेट्रोल पंपावरही काम करून झाले, आणि २०१२ साली तो सैन्यात भरती झाला. तोवर त्याने पाणी पाहिले ते विहिरीच्या तळाशी, वरून वाकून. पाण्यात उतरायची त्याला भीती वाटत असे.

हाच दत्तू २०१६ साली ब्राझीलमध्ये रिओ येथे ऑलिंपिकच्या नौकानयन शर्यतीत उतरला. त्या वर्षी या खेळात भारताचा तो एकटाच स्पर्धक होता. एकट्याने वल्हवायच्या नावेत, म्हणजे सिंगल स्कल्समध्ये, त्याचा तेरावा क्रमांक आला. त्याच सुमारास घरी आईला मोठा अपघात झालेला होता. ही कथा वर्तमानपत्रांतून पुष्कळ वेळा येऊन गेली आहे, आणि ती यावी अशीच आहे. पण आज मला सांगायची आहे ती एकट्या दत्तूची गोष्ट नव्हे. दोन वर्षांनी, २०१८ च्या ऑगस्टात, इंडोनेशियातल्या पालेंबांग गावी तो ज्या नावेत बसला त्या नावेतल्या चौघांची आहे. एकटा हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी तिघांबरोबर बसून सुवर्णपदक मिळवतो, हे कसे घडते? नुसते दैव म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी आधी नाव समजून घेतली पाहिजे.

आपल्या रामकुंडावर किंवा गंगापूर धरणावर दिसणारी होडी डोळ्यांपुढून जरा बाजूला काढा. शर्यतीची नाव म्हणजे पाण्यावर ठेवलेली सुई. चौघांची नाव चाळीस-बेचाळीस फूट लांब असते, आणि रुंदी किती म्हणाल, तर माणूस कसाबसा मावेल इतकी. वजन कमीत कमी ५२ किलो असले पाहिजे असा नियम आहे, आणि नावा बांधणारे त्याच्यावर फार जाऊ देत नाहीत. म्हणजे एका मध्यम माणसाहून नाव हलकी. तीत बसणारी चार माणसे मात्र सवातीनशे-साडेतीनशे किलो भरतात. ओझे नावेच्या सहापट! हे प्रमाण ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एक एक वल्हे, साडेनऊ फुटांच्या आसपास लांब. चौघांची मिळून आठ वल्ही. वल्हवणारे तोंड मागे करून बसतात. ज्या दिशेला जायचे तिकडे त्यांची पाठ असते. बैठक चाकांवर असते, पुढेमागे सरकते. पाय मात्र नावेतल्या जोड्यांत घट्ट बांधलेले. पुष्कळांची समजूत अशी की वल्हे हातांनी मारतात. हात केवळ दोरीसारखे असतात. ताकद असते ती मांड्यांची. गुडघे छातीशी घेऊन पुढे सरकायचे, पाती पाण्यात बुडवायची, मग पायांनी रेटा देऊन सारे अंग मागे लोटायचे. पाती बाहेर, पुन्हा पुढे सरकायचे. मिनिटाला असे छत्तीस-अडतीस वेळा, आणि शर्यतीचे अंतर दोन हजार मीटर.

पाण्याचा स्वभाव मोठा कंजूष आहे. तुमच्याजवळून घेतो फार आणि देतो थोडे. वेग दुप्पट करायचा तर ताकद दुप्पट लावून भागत नाही, जवळजवळ आठपट लावावी लागते. म्हणून चौघे बसले की नाव चौपट पळेल, हा हिशोब कागदावरच राहतो. रिओला दत्तूने शेवटच्या शर्यतीत एकट्याने दोन हजार मीटर तोडले ते ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत. पालेंबांगला चौघांनी मिळून तेच अंतर तोडले ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत. पाणी निराळे, वारा निराळा, हे धरूनही पाहा: तीन माणसे वाढली आणि वाचली जेमतेम अडतीस सेकंदे. बाकीची ताकद गेली पाण्याच्या घरात.

मग चौघांच्या नावेत खरी कमाई होते कुठे? ती होते ताकद न सांडण्यात. आणि ताकद सांडते ती बहुधा वल्हे ओढताना नव्हे, वल्हे मोकळे असताना! ही गोष्ट मला स्वतःला फार नवलाची वाटली. ओढ संपली, पाती बाहेर आली की चौघे पुन्हा पुढच्या ओढीसाठी सरकतात, म्हणजे नावेच्या पिछाडीकडे. साडेतीनशे किलोचे ओझे एका बाजूला सरकले की त्याच्या उलट हलकी नाव दुसरीकडे सरकणारच. न्यूटनसाहेबांचा नियम इथे कुणाची भीड ठेवीत नाही. चौघे शांतपणे, एका चालीने सरकले तर नाव त्यांच्या पायांखालून गुळगुळीत पुढे निघून जाते. पण त्यातल्या एकाने घाई केली, तो अगोदर जाऊन टोकाला आदळला, की त्याचे सारे ओझे पायांवाटे नावेला मागे ढकलते. नाव अडखळते. बाकीच्या तिघांनी जे कमावले त्यातले थोडे त्या क्षणी पाण्यात जाते. घाई करणारा बहुधा सर्वांत जोमदार गडी असतो, ही यातली मौज. जोर कमी पडला म्हणून नाव हरते तशी जोर वेळेआधी आला म्हणूनही हरते.

सहा बैलांचा नांगर ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे चटकन कळेल. एक बैल दोन पावले पुढे घुसला की जू तिरके होते, तास वाकडे जाते, आणि मागचा हाकणारा आधी त्या उमद्या बैलालाच शिव्या देतो, थकलेल्याला नव्हे.

थंड देशांत याच जातीचा एक दुसरा खेळ आहे, तो जाता जाता सांगतो, म्हणजे आपल्या खेळाचे वेगळेपण उठून दिसेल. बर्फावर सोळा स्केटर एकाच वेळी, एका रेषेत, एका वर्तुळात फिरतात. सिंक्रोनाइज्ड स्केटिंग म्हणतात त्याला. अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावी १९५६ साली याचा पहिला संघ निघाला, आणि २००० सालापासून त्याचे जागतिक अजिंक्यपद सुरू झाले. आपल्या लेझमीच्या फेरीची आठवण व्हावी असा तो देखावा असतो. सोळांतला एक जरी चुकला तरी बाजूला बसलेले पंच गुण कापतात. नौकानयनात गुण देणारा पंच नाही. चौघे एकजीव दिसतात की नाही हे कुणी विचारीत नाही. पण एकजीव नसतील तर पाणी तिथल्या तिथे कापून घेते, आणि त्याचा निकाल कुठल्याही पंचाहून कडक असतो. स्केटर निदान एकमेकांचे हात धरतात, एकमेकांना पाहू शकतात. नावेत तेही नाही. प्रत्येकाला दिसते ती फक्त पुढच्याची पाठ. पिछाडीकडे जो बसतो त्याला इंग्रजीत स्ट्रोक म्हणतात. तो चाल ठरवतो आणि त्याला आपल्यांतला कुणीच दिसत नाही. नाळेजवळचा, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाकडचा, तिघांच्या पाठी पाहतो आणि हाकारे देतो. चौघांच्या नावेत सुकाणू धरायला वेगळा माणूस नसतो. चौघांपैकीच एकाच्या पायाच्या जोड्याला सुकाणूची तार बांधलेली असते. शेवटची रेषा प्रथम ओलांडतो तो नाळेकडचा, आणि तीही पाठमोरा!

आता हे चौघे कोण, ते सांगतो. स्वर्ण सिंग, दत्तू भोकनळ, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग. चौघेही सैन्यातले. स्वर्ण सिंग आणि सुखमीत दोघे पंजाबच्या मानसा जिल्ह्यातले, ओमप्रकाश राजस्थानचा. मानसा कापसाचा मुलूख, राजस्थान वाळूचा, चांदवड विहिरींचा. कोळ्याचा, नावाड्याचा म्हणावा असा त्यांत एकही नाही! आपल्याकडे नौकानयन हा खेळ बराचसा सैन्याने वाढवला आहे, आणि सैन्य माणूस निवडते ते त्याची उंची, लांब हातपाय आणि छातीचा भाता पाहून. पाण्याची ओळख नंतर करून देता येते, उंची नंतर देता येत नाही. पुण्याला सैन्याचे नौकानयन केंद्र आहे. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झालेल्या दत्तूची आणि वल्ह्याची गाठ पडली ती या पुण्याच्याच पाण्यात. राष्ट्रीय संघाला शिकवण्याचे काम इस्माईल बेग यांनी दीर्घकाळ केले. द्रोणाचार्य पुरस्काराचे ते मानकरी.

चौघांत थोरला मान स्वर्ण सिंगचा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो एकट्याच्या नावेत सोळावा आला होता, आणि २०१४ ला कोरियातल्या इंचॉन येथील आशियाई खेळांत त्याने त्याच शर्यतीत कांस्यपदक घेतले. नंतर पाठीच्या दुखण्याने त्याला छळले. वल्हवणाऱ्याची पाठ म्हणजे सुताराचा हात. ती गेली की सारेच गेले. तो परत उभा राहिला, नव्हे, परत बसला, असे म्हटले पाहिजे. म्हणजे या नावेत दोन माणसे अशी होती की ज्यांनी ऑलिंपिकचे पाणी एकट्याने तोडलेले होते. हे वरवर पाहता भाग्यच. पण जाणकाराला यात धोकाही दिसतो. एकट्याच्या नावेत माणूस आपल्या श्वासाच्या चालीवर चालतो, आपल्या मनाचा राजा असतो. दोन राजे एका नावेत बसवायचे आणि त्यांना दुसऱ्याच्या पाठीकडे पाहून चालायला लावायचे, हे शिकवणाऱ्याचे अवघड काम. गाणाऱ्या दोन बुवांना एका तंबोऱ्यावर बसवून पाहा म्हणजे कळेल.

२३ ऑगस्ट २०१८ हा दिवस भारतीय नाविकांना वाईट गेला. पालेंबांगच्या जकाबारिंग तलावावर त्या दिवशीच्या अंतिम शर्यतींत भारताच्या हाती एकही पदक लागले नाही. दत्तू एकट्याच्या शर्यतीत अंतिम फेरीत होता. त्याच्याकडून मोठी आशा होती. तो शेवटचा आला. अंगात ताप होता, सर्दी-खोकला होता, असे मागाहून वर्तमानपत्रांत आले. पण धावफलकावर ताप लिहीत नाहीत. रात्र मध्ये, आणि सकाळी चौघांची शर्यत.

श्रोत्यांनी थोडा विचार करावा. अशा वेळी संघात एक साधा, व्यवहारी प्रश्न उभा राहतो: काल शेवटचा आलेला आणि अंगातून ताप न गेलेला गडी आज नावेत बसवायचा का? एकट्याच्या हिशोबाने उत्तर ‘नाही’ असे येईल. नावेच्या हिशोबाने येत नाही. चौघांची चाल महिनोन्‌महिने पहाटे घासून बसवलेली असते. त्यातला एक काढून जागी ताजा, धडधाकट माणूस घातला तर जोर कदाचित वाढेल, पण पाती पाण्यात पडण्याची वेळ केसभर मागेपुढे होईल, आणि केसभर म्हणजे किती ते आता सांगतोच. दत्तू नावेत बसला.

२४ ऑगस्टला भारताच्या नावेने ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत शर्यत जिंकली. यजमान इंडोनेशियाची नाव दुसरी, ६ मिनिटे २०.५८ सेकंद, थायलंड तिसरे, ६ मिनिटे २२.४१. पहिल्या दोघांत साडेतीन सेकंदांचेही अंतर नाही. पाण्यावर मोजाल तर साधारण अठरा मीटर, म्हणजे नावेच्या दीडपटीच्या आत-बाहेर. आता गंमत पाहा. सव्वासहा मिनिटांत मिनिटाला छत्तीस या चालीने वल्ही सव्वादोनशेच्या वर वेळा पाण्यात पडतात. साडेतीन सेकंदांना सव्वादोनशेने भागा. दर ओढीमागे एका सेकंदाचा शंभरावा हिस्सा आणि वर अर्धा. पापणी लवायला याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. शर्यत जिंकली ती या एवढ्याशा तुकड्यांनी, एकावर एक रचून. इतक्या बारीक मापात तापलेला पण तालात बसलेला गडी हा निरोगी पण बेताल गड्याहून मोलाचा ठरतो, असे मी म्हणतो ते भावनेने नव्हे, भागाकाराने.

त्याच दिवशी दुष्यंत चौहान याने हलक्या वजनाच्या एकट्याच्या शर्यतीत, आणि रोहितकुमार व भगवान सिंग या जोडीने हलक्या वजनाच्या दुहेरी शर्यतीत कांस्यपदके घेतली. आदल्या दिवशीचे तोंड पुसले गेले. आशियाई खेळांत नौकानयनातले भारताचे पहिले सुवर्ण २०१० साली ग्वांगझू येथे बजरंगलाल ताखर याने एकट्याच्या नावेत मिळवले होते. चौघांचे हे दुसरे, आणि संघ म्हणून पहिले.

इथे थोडे पाणी शिंपडणे भाग आहे. आशियातले सुवर्ण म्हणजे जगातले सुवर्ण नव्हे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ साली झाले, नेदरलँड्सच्या चौघांनी हेच अंतर ५ मिनिटे ३२.०३ सेकंदांत तोडले. आपल्या पालेंबांगच्या वेळेहून पंचेचाळीस सेकंद कमी! अर्थात दोन ठिकाणच्या वेळा शेजारी शेजारी ठेवून निवाडा करू नये. वारा पाठीवर असला की नाव उडते, तोंडावर असला की रांगते. म्हणूनच या खेळात ‘विक्रम’ हा शब्द जपून वापरतात आणि ‘सर्वोत्तम वेळ’ म्हणतात. तरीही सारा फरक वाऱ्याच्या माथी मारता येणार नाही. चौघांच्या स्कल्स नावेत बसून ऑलिंपिकचे पाणी भारताने २०२४ पर्यंत तरी पाहिलेले नव्हते. यात लाज वाटण्याचे कारण नाही. पण पदकाच्या आनंदात हे विसरण्याचेही कारण नाही.

तिकडे नेदरलँड्समध्ये पोरे शाळेतून कालव्यावर उतरतात. आपल्याकडचा गडी विसाव्या-एकविसाव्या वर्षी, भरती झाल्यावर, प्रथम वल्हे हातात धरतो. ताकद त्याला वर्ष-दोन वर्षांत येते. ताल यायला फार वर्षे लागतात, आणि लहानपणी आलेला ताल अंगात मुरतो तसा थोरपणी आलेला मुरत नाही, हे तबल्याचा कुठलाही उस्ताद सांगेल. पुण्याला अभियांत्रिकी महाविद्यालयाचा नौका महोत्सव १९२८ पासून भरतो आहे. आपल्या नाशकातही गंगापूर रस्त्याने जाताना केटीएचएम महाविद्यालयाच्या बोट क्लबच्या नावा गोदावरीत दिसतात. सकाळी लवकर जाल तर पोरे-पोरी वल्हवताना भेटतील. पुलावर घटकाभर उभे राहून पाहा. नावेकडे पाहू नका, पात्यांकडे पाहा. सगळी पाती पाण्यात एकदम पडतात की ‘टप-टप’ असा आवाज येतो? कानाने सुद्धा नाव ओळखता येते. चांगल्या नावेचा एकच आवाज येतो.

दत्तूला २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. स्वर्ण सिंगला तो २०१५ मध्येच मिळाला होता. चौघांची ती जुळणी पुढे राहिली नाही. नावेतल्या माणसांचे असेच असते, दुखणी येतात, वये होतात, नवी पोरे दार ठोठावतात. पुढचे आशियाई खेळ चीनमध्ये हांगझू येथे २०२३ साली झाले. चौघांच्या स्कल्समध्ये भारताला कांस्य मिळाले, वेळ ६ मिनिटे ०८.६१ सेकंद. पालेंबांगच्या सुवर्णाहून साडेआठ सेकंद कमी, आणि पदक मात्र दोन पायऱ्या खाली. वाऱ्याची आणि प्रतिस्पर्ध्यांची करामत म्हणायची. त्या नावेत सतनाम सिंग होता, परमिंदर सिंग होता, जाकर खान होता, आणि पालेंबांगच्या चौघांपैकी एकटा सुखमीत, तिघा नव्यांच्या चालीत आपली चाल मिळवीत.